रॅख्मॅत

शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड चालू होतं, हाताला काही काम नव्हतं, म्हणून एक उद्योग केला. महिन्याभरात पाठवलेले सगळे मेल एका फाइलमध्ये काढले आणि 'थँक्स' या शब्दावर ग्रेप मारला. चारशे बारा! त्यातले 'थँक्स अँड रिगार्ड्स'वाले सहीखालचे वजा केले (ते मी लिहीत नाही, आउटलुक लिहितं), तरी दीडशेच्या वर उरले. 'थँक्स इन ॲडव्हान्स' म्हणजे काम अजून झालेलंच नाही. 'थँक्स फॉर युअर पेशन्स' म्हणजे काम माझ्याकडूनच झालेलं नाही. आणि एक होतं नुसतं 'थँक्स.' फुलस्टॉपसकट. ते भांडण होतं.

याच महिन्यात घरच्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा थँक्यू म्हणालो आणि बोलणी खाल्ली. ती गोष्ट शेवटी सांगतो. पण ती नीट कळायला आधी एका बश्कीर शब्दाची गोष्ट सांगायला हवी.

(नेहमीचा इशारा: मी भाषातज्ज्ञ नाही. जावा लिहून पोट भरतो. हे सगळं शनिवार-रविवारचं वाचन आहे.)

तर झालं असं, की माझी धाकटी बहीण २०१९ साली डॉक्टर व्हायला रशियात उफाला गेली. आपल्याकडची बरीच मुलं तिथे एमबीबीएसला जातात, तशीच तीही. ॲडमिशन होईपर्यंत आमच्या घरात कुणी उफाचं नाव ऐकलेलं नव्हतं. आईचा पहिला प्रश्न, "मॉस्कोपासून किती लांब?" उत्तर ऐकून तिने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. उफा म्हणजे उरल पर्वताच्या दक्षिण टोकाकडचं शहर, बश्कोर्तोस्तान नावाच्या प्रजासत्ताकाची राजधानी. पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. आईला या अर्ध्या तासाचा फार आधार वाटायचा. "आपल्याकडे जेवायची वेळ म्हणजे तिच्याकडेही जेवायचीच वेळ," असं ती सगळ्यांना सांगायची.

बश्कीर ही तिथल्या मूळ लोकांची भाषा. तुर्की कुळातली, तातार आणि कझाक भाषांची जवळची नातेवाईक. बोलणारे सुमारे दहा-बारा लाख. शहरात कानावर पडते ती मुख्यतः रशियन. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीतही बश्कीरचं नाव आहे. धाकटीने अर्थातच रशियन शिकायला घेतली, कारण पेशंट रशियन बोलणार. बश्कीर तिच्या सिलॅबसमध्ये नव्हती.

पहिल्याच हिवाळ्यात, डिसेंबरमध्ये, ती तापाने पडली. बाहेर उणे पंचवीस, रूममेट परीक्षेत, आणि ही पांघरुणात रडत आईला फोन करतेय. हॉस्टेलच्या दारावर एक पन्नाशीच्या बाई बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याचं कार्ड बघायचं, रात्री दार लावायचं, मुलींवर ओरडायचं, हे त्यांचं काम. धाकटी दोन दिवस खाली दिसली नाही म्हणून त्या वर आल्या. किटली, मधाची बरणी आणि 'सॅक-सॅक' घेऊन. सॅक-सॅक म्हणजे तळलेल्या पिठाचे बारके तुकडे मधात घोळून केलेला गोड प्रकार. आपल्या शेवेच्या लाडवाचा मावसभाऊच. चहात दूध घालतात हे बघून धाकटीला निम्मं बरं वाटलं. पुढचे चार दिवस त्या रोज येत होत्या. ड्युटी नव्हती त्या दिवशीसुद्धा.

वयाने मोठ्या बाईला बश्कीरमध्ये 'अपाय' म्हणतात, साधारण ताई-अक्काच्या चालीवर. त्यामुळे आमच्या घरी फोनवर असे संवाद व्हायचे:

"आई, अपाय आली होती."

"काय झालं गं आता??"

आजीला तर हे शेवटपर्यंत पटलं नाही. "इतक्या चांगल्या बाईला अपाय काय म्हणता? उपाय म्हणा!"

बरी झाल्यावर धाकटी खाली गेली आणि रशियनमध्ये 'स्पासिबा' म्हणाली. बाईंनी मान हलवली, झालं. मग तिच्या वर्गातल्या एका मुलीने तिला बश्कीर शब्द शिकवला, रॅख्मॅत. दुसऱ्या दिवशी ती तो म्हणाली. बाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं आणि तिला चार वेळा म्हणायला लावला. पहिले तीन उच्चार चुकले होते म्हणून :)

त्या रात्री धाकटीने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन थेट त्यांच्यासमोर धरला. स्क्रीनवर रुमाल बांधलेलं एक गोल, गंभीर तोंड. मी इकडे खुर्चीत सरळ होऊन बसलो आणि आयटीवाला म्हणेल तेच म्हणालो, "थँक यू सो मच!" मागून धाकटी ओरडली, "दादा, रॅख्मॅत म्हण!" मी म्हणालो. बाई हसल्या आणि भराभर काहीतरी लांबलचक बोलल्या. त्यातला 'रॅख्मॅत' तेवढा परत ऐकू आला. पुढचा शब्द 'यावगरी' असा काहीतरी लागला. त्याचा अर्थ तेव्हा धाकटीलाही सांगता आला नाही. तो शोधता शोधता मी या शब्दाच्या नादी लागलो.

मूळ शब्द अरबी. र-ह-म ही तीन व्यंजनं, अर्थ दया, माया, करुणा. अरबीत अशा तीन व्यंजनांच्या मुळापासून शब्दांचं अख्खं खानदान तयार होतं. यातलं निम्मं खानदान आपल्या ओळखीचं आहे. रहम, बेरहम, रहीम, रहमान, रहमत. गर्भाशयाला अरबीत याच मुळाचा शब्द आहे. आणि 'मरहूम'ही इथलाच. मरहूम म्हणजे नुसता 'मेलेला' नव्हे, तर 'ज्याच्यावर दया झाली आहे असा'. बश्कीरमध्ये दिवंगत माणसाला 'मॅरखूम' म्हणतात.

हा शब्द उरलपर्यंत पोचला तो इस्लामबरोबर. शेजारच्या व्होल्गा बुल्गारांनी ९२२ साली इस्लाम अधिकृतपणे स्वीकारला. त्याच वर्षी बगदादच्या खलिफाचं एक शिष्टमंडळ त्यांच्याकडे गेलं, आणि त्यातल्या इब्न फदलानने प्रवासवर्णनात वाटेत भेटलेल्या बश्कीर लोकांबद्दलही लिहून ठेवलंय. पुढच्या काही शतकांत धर्म रुजला आणि त्याच्याबरोबर अरबी-फारसी शब्दही. 'देवाची दया' हा अर्थ असलेला शब्द हळूहळू चहाच्या कपाला उत्तर म्हणून वापरायचा रोजचा शब्द झाला. हे एकट्या बश्कीरमध्ये नाही घडलं. तातारमध्ये रॅख्मॅत, कझाकमध्ये रखमेत, किरगीझमध्ये रखमत, उझबेकमध्ये रहमत, सगळ्यांचा अर्थ धन्यवाद. तुर्कस्तानच्या तुर्कीत मात्र 'रहमेत' म्हणजे अजूनही देवाची दयाच. धन्यवादासाठी त्यांनी वेगळा शब्द घेतला.

गंमत म्हणजे तेच अरबी-फारसी शब्द दुसऱ्या वाटेने दख्खनमध्ये उतरले आणि मराठीत राहिले. त्यामुळे धाकटीला बश्कीर पाट्या वाचताना मधूनच घरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. किताप, कॅलॅम, खॅबॅर, दोन्या. म्हणजे किताब, कलम, खबर, दुनिया. हवेला 'हावा'. आत्ता, या क्षणी, याला 'खॅदेर'. तो आपला 'हजर'! आपण शाळेत हजेरीला म्हणायचो, ते म्हणतात 'आत्ता'. जो हजर आहे तोच क्षण आत्ताचा, हे किती बरोबर आहे!

उच्चारांचीही एक मजा आहे. 'रॅख्मॅत'मधले दोन्ही स्वर म्हणजे आपल्या 'बॅट'मधला 'ॲ'. बश्कीर लोकांची लिपी विसाव्या शतकात दोनदा बदलली. १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत अरबी, मग दहाएक वर्षं लॅटिन, आणि १९४० च्या सुमारास सिरिलिक. या 'ॲ'साठी त्यांना रशियन अक्षरांत वेगळं अक्षर घालावं लागलं, जसं आपण इंग्रजी शब्दांसाठी डोक्यावर चंद्र काढला. 'ख' घशातून थोडा खरवडून काढायचा. जोर शेवटच्या 'मॅत'वर द्यायचा. आम्ही सगळे 'रॅख'वर जोर द्यायचो म्हणून अपाय हसायच्या.

शिवाय बश्कीरमध्ये 'च'चा 'स' होतो, म्हणून चहा तो 'सॅय'. आणि शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा पुष्कळदा 'ह' होतो. पाण्याला तातारमध्ये 'सू', बश्कीरमध्ये 'हिऊ'. हे वाचून मला एकदम ओळखीचं वाटलं. हिंदीत दस, मराठीत दहा! स आणि ह यांचं हे जुनं प्रकरण आपल्याकडेही आहेच.

असो. आता वापराकडे.

नुसतं 'रॅख्मॅत' कुठेही चालतं. बसमध्ये, दुकानात, जेवण झाल्यावर. खूप आभार म्हणायचे तर 'दूर रॅख्मॅत'. इथे 'दूर' म्हणजे मोठा (हा 'द' इंग्रजी 'द'सारखा, जीभ दातांत धरून). 'तुम्हाला धन्यवाद' म्हणायचं तर 'रॅख्मॅत हेदगॅ'. घरी कुणी आलं की म्हणतात 'रॅखिम इतेगेद'. तोही त्याच मुळाचा. शब्दशः 'दया करा', म्हणजे 'यावं, बसावं'. आपण नाही का म्हणत, 'कृपा करून आत या'. म्हणजे पाहुणा दारात आल्यावर दया त्याने करायची, आणि निघताना चहाबद्दल रॅख्मॅत म्हणून ती दया यजमानाकडे परत पाठवायची. एकदम टू-वे हँडशेक!

आणि 'रॅख्मॅत यावगरी'. हे त्या दिवशी अपाय मला म्हणाल्या होत्या. 'याव' हा धातू पाऊस पडण्याचा. 'यामगर यावा' म्हणजे 'पाऊस पडतोय'. (हो, 'यावा'! आपल्याकडे पाऊस यावा म्हणतात, त्यांच्याकडे तो पडायलाच लागतो. हा निव्वळ योगायोग आहे, यावर कुणी थिअरी बांधू नये.) तर 'रॅख्मॅत यावगरी' म्हणजे 'तुझ्यावर रॅख्मॅत बरसो'. आशीर्वादच. तुर्कस्तानात तर खेड्यापाड्यात पावसालाच 'रहमेत' म्हणतात.

हे कळलं आणि मी थांबलो. कारण तोपर्यंत मी रॅख्मॅत म्हणजे 'थँक्स' असंच डोक्यात मॅपिंग करून ठेवलं होतं. ते चुकीचं नाही, पण पुरं नाही. थँक्समध्ये 'मी' असतो, मी तुझा आभारी आहे. रॅख्मॅतमध्ये 'मी' नाहीच. तू माझं भलं केलंस, ते फेडायची माझी ऐपत नाही, तर ज्याची ऐपत आहे त्याने ते तुझ्यावर बरसावं. बिल वरच्या खात्यावर टाकून मोकळं!

रशियन 'स्पासिबा'चीही मूळ फोड हीच, 'देव तुला वाचवो'. आणि आपल्या शेजारी गोव्यात जा. तिथे कोंकणीत धन्यवाद म्हणायचं तर 'देव बरें करूं'. देव तुझं बरं करो. उफा आणि म्हापसा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, धर्म वेगळे, भाषांची कुळं वेगळी, पण उपकाराचं काय करायचं या प्रश्नाला उत्तर एकच.

आणि मराठी? मराठीत 'आभार' आहे. त्या शब्दात 'भार' आहे हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं. आभार मानायचे म्हणजे माझ्यावर ओझं आहे हे कबूल करायचं. म्हणूनच बहुतेक आभार हे आपल्याकडे समारंभातच मानतात. आभारप्रदर्शन! माइकवर कुणीतरी हमखास म्हणतं, "मी त्यांचे आभार मानणार नाही, मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो." टाळ्या. घरात मात्र 'आभारी आहे' म्हटलं तर लोक ताप मोजतील. 'धन्यवाद' बँकेच्या एसएमएसमध्ये येतो. उरला थँक्यू, तो वेटरला आणि क्लायंटला.

मग घरच्या माणसाला काय म्हणायचं? आमची आजी म्हणायची, "देव तुझं भलं करो." पंगतीत जुनी माणसं 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठायची. म्हणजे आपल्याकडेही रॅख्मॅत होतं की! माझ्या पिढीने ते जुनाट म्हणून सोडलं, थँक्यू घरात आणायला लाज वाटली, आणि मधल्या मध्ये आम्ही मुके झालो.

आता मामाची गोष्ट.

माझा मामा आटपाडी तालुक्यात असतो. दुष्काळी पट्टा. डाळिंबाची बाग. मी २०१५ साली पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली तेव्हा बाबांची कंपनी नुकतीच बंद पडली होती आणि एज्युकेशन लोनची फाइल कुठल्यातरी टेबलावर अडकलेली. फी भरायची शेवटची तारीख आली. मामा रात्रीच्या एसटीने आला, पिशवीतून पंचाहत्तर हजार काढून बाबांच्या हातात दिले, चहा प्यायला आणि सकाळच्या गाडीने परत गेला. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. कॉलेजसाठी कुठला मोबाइल घ्यावा या विचारात होतो. त्याला काही म्हणाल्याचं मला आठवत नाही. नंतर नोकरी लागल्यावर पैसे परत केले, आणि मला वाटलं विषय संपला. तिकीट क्लोज्ड.

या मे महिन्यात मामाची सांगलीत ॲन्जिओप्लास्टी झाली. रात्री हॉस्पिटलच्या बाकावर मामी आणि मी बसलो होतो. मामी वेळ जावा म्हणून बागेचं सांगत होती. कुठली झाडं कधी लावली, तेल्या कधी आला. बोलता बोलता सहज म्हणाली, "त्या तुझ्या फीच्या साली दोनशे झाडं वाळली बघ. टँकरला ठेवलेलं पैसं होतं, ते गेलं. पुढच्या उन्हाळ्यात पाणीच घालता आलं न्हाय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेल्या आला, तशीच झाडं वाळली. मी मात्र रात्रभर हिशोब करत बसलो. दोनशे झाडं, लावल्यापासून धरती होईपर्यंतची वर्षं, पुढच्या सगळ्या बहारांचं उत्पन्न. एक्सेल उघडलं असतं तर आकडा आला असता. नाही उघडलं. मी परत केले होते ते पंचाहत्तर हजार. झाडं परत केली नव्हती. आणि अकरा वर्षं मला हे माहीतही नव्हतं, कारण मामाला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

सकाळी आत सोडलं. मामा उशीला टेकून बसला होता, हाताला सलाईन. मी रात्रभर वाक्य जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सवयीने, "मामा, त्या फीबद्दल... थँक्यू."

मामाने माझ्याकडे असं बघितलं, की मी त्याला व्हिजिटिंग कार्ड दिलंय.

"थँक्यू काय म्हंतूस रं? परका झालास व्हय?" मग मामीकडे वळून, "ह्याला कुणी सांगितलं? तुला काय दम निघत न्हाय!"

मामी पदर तोंडाला लावून गप्प. मी गप्प. मामा खिडकीकडे बघत बसला. माझ्या चारशे बारा थँक्सपैकी एकही कामाला आला नाही.

तेवढ्यात धाकटी आली. ती २०२५ मध्ये डिग्री घेऊन परत आलीय, आता इथली परीक्षा देतेय. तिने मामाची नाडी बघितली, फाइल चाळली, आणि खोलीतलं वातावरण बघून काय झालं ते विचारलं. मामी कुजबुजत म्हणाली, "दादानं थँक्यू म्हटलं." धाकटी हसली. मग मामाच्या पायाशी बसून तिने त्याला अपायची गोष्ट सांगितली. ताप, चहा, मधाची बरणी, आणि शेवटी तो शब्द. "मामा, तिकडं थँक्यू असं म्हणतच नाहीत. तिकडं म्हणतात, तुझ्यावर दया पाऊस होऊन पडू दे."

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पाऊस म्हंत्यात?"

"हो."

"मग आसं म्हण की!" तो माझ्याकडे वळला. "काय म्हणायचं ते?"

"रॅख्मॅत यावगरी," मी म्हणालो. जोर बहुतेक परत चुकला.

"यावा, यावा," मामा म्हणाला. "मिरगाच्या आधी आला तर लई बरं हुईल."

मी त्याच्या पायाला हात लावला. लहानपणी लावायचो तसा, पण लहानपणी कशासाठी लावतोय ते माहीत नसायचं. त्याने सलाईन नसलेला हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "जा, च्या आण. साखर घालून. ह्या डॉक्टरणीला सांगू नको."

परवा त्याला फोन केला. घरी आलाय, बागेत चक्कर मारतो, तेवढी परवानगी आहे. ढग येतात आणि वर जातात, अजून पडला नाही म्हणाला. आजकाल रोज सकाळी स्टँडअपच्या आधी मी मोबाइलवर आटपाडीचं हवामान बघतो. आज चाळीस टक्के दाखवतंय.